हजारो जागांची बातमी आणि आपल्या घरातली मुले

कॉलेजांत कॅम्पस मुलाखतींचा मोसम सुरू झाला की वर्तमानपत्रात एक बातमी हमखास येते. अमुक आयटी कंपनी यंदा दहा हजार, वीस हजार, चाळीस हजार नव्या पदवीधरांची भरती करणार. सोबत दुसरी ओळ असते, कंपनीचा व्यवसाय युरोप-अमेरिकेत विस्तारतो आहे. मामू व्हॉट्सॲपवर कात्रण पाठवतात, अब्बा मनातल्या मनात कर्जाच्या हप्त्यांचा हिशेब मांडतात आणि अम्मी मुलाकडे, आणि आता मुलीकडेही, आशेने पाहू लागतात. इंजिनिअरिंगच्या फीसाठी दागिने गहाण ठेवलेल्या घराला ही बातमी साधी वाटत नाही. म्हणूनच त्या आकड्यात नेमके काय असते, हे नीट पाहायला हवे. त्यासाठी एकच कंपनी समोर ठेवू या. विप्रो.

विप्रो निवडण्याचे कारण असे की तिचा जन्म आपल्या खानदेशातला आहे. १९४५ च्या डिसेंबरात मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापन केली आणि तिची तेलाची गिरणी जळगाव जिल्ह्यातील अमळनेरला उभी राहिली. खानदेशात भुईमूग पिकतो, कच्चा माल दारात होता. सनफ्लॉवर वनस्पती तूप आणि ‘७८७’ नावाचा कपड्यांचा साबण हा त्या काळचा माल. १९६६ मध्ये हाशम प्रेमजींचे निधन झाले आणि अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकणारे २१ वर्षांचे अझीम प्रेमजी शिक्षण अर्धे टाकून परतले. पुढे १९७७-७८ च्या सुमारास आयबीएम ही अमेरिकन कंपनी भारतातून निघून गेली. संगणकाच्या बाजारात पोकळी पडली आणि तेल-साबण विकणारी कंपनी त्या धंद्यात उतरली. सुरुवात संगणक बनवण्यापासून झाली, मग परदेशी ग्राहकांसाठी सॉफ्टवेअरची कामे येऊ लागली. २००० साली विप्रोचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदले गेले. २०१३ मध्ये साबण, दिवे वगैरे व्यवसाय वेगळ्या कंपनीत गेले आणि ‘विप्रो लिमिटेड’ ही निव्वळ आयटीची कंपनी राहिली. अमळनेरच्या ज्या कुटुंबांनी सुरुवातीचे शेअर घेतले आणि विकले नाहीत, त्यांच्या श्रीमंतीच्या गोष्टी आजही सांगितल्या जातात. व्यवसायाच्या विस्ताराचा फायदा शेअरधारकाला कसा होतो आणि पगारदाराला कसा, यातला फरक त्या गावाने जवळून पाहिला आहे.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. ‘प्रेमजी आपले आहेत, आपल्या मुलाला विप्रोत घेतीलच’ असे म्हणणारे अजून भेटतात. भरतीच्या ऑनलाइन परीक्षेत आडनावाला गुण नसतात. आणि हे चांगलेच आहे, कारण आडनावाने दार उघडते तिथे ते आडनावाने बंदही होते.

आता धंद्याकडे वळू. आयटी कन्सल्टन्सी म्हणजे सल्ला आणि सेवा विकणारी कंपनी. लंडनच्या बँकेला किंवा जर्मनीतल्या दुकानदार कंपनीला आपले संगणकाचे जाळे चालवायचे असते, जुनी प्रणाली बदलायची असते. ते काम त्या बाहेर देतात. विप्रो, टीसीएस, इन्फोसिस हे काम घेतात आणि त्यावर माणसे बसवतात. थोडी माणसे ग्राहकाच्या देशात, बरीचशी बेंगळुरू, हैदराबाद, पुण्यात. ग्राहकाला लावलेला दर आणि माणसाला दिलेला पगार यांच्यातल्या फरकावर कंपनी चालते. त्यामुळे संघाची रचना पिरॅमिडसारखी असते. वर मोजके अनुभवी लोक, खाली कमी पगारातली पुष्कळ नवी मुले. पिरॅमिडचा पाया रुंद असला की नफा बरा राहतो. दरवर्षी फ्रेशर घेण्यामागे हे गणित आहे.

यातून भरतीच्या आकड्याचा स्वभाव कळतो. मुलांना कॉलेजात तिसऱ्या-चौथ्या वर्षाला निवडले जाते आणि ती रुजू होतात साधारण वर्षभराने. म्हणजे पुढच्या वर्षी किती कामे मिळतील याचा अंदाज कंपनी आज बांधते आणि तो अंदाज बातमी म्हणून आपल्यापर्यंत येतो. ग्राहकाने सही केली नाही, न्यूयॉर्कमध्ये एखादी बँक बुडाली, व्याजदर चढले, तर इथल्या मुलाची रुजू होण्याची तारीख पुढे सरकते.

विस्ताराच्या बातमीतही एक खाच आहे. विस्तार झाला म्हणजे आपल्याकडे तितक्या नव्या जागा निघाल्या, असे होत नाही. डिसेंबर २०२० मध्ये विप्रोने मेट्रो या जर्मन कंपनीचे काम घेतले. घाऊक मालाची ती ‘मेट्रो’ दुकाने आपल्याकडच्या किराणा व्यापाऱ्यांनाही माहीत आहेत. पहिल्या पाच वर्षांसाठी हे काम सुमारे ७० कोटी डॉलरचे होते. पण त्या करारात मेट्रोचे जर्मनी, रुमानिया आणि भारतातले १,३०० हून अधिक कर्मचारीच विप्रोकडे आले. काम आले, माणसेही कामाबरोबर आली. २०२१ मध्ये विप्रोने लंडनची कॅपको ही बँकांना सल्ला देणारी कंपनी १४५ कोटी डॉलरला विकत घेतली. विप्रोची ती तोवरची सर्वांत मोठी खरेदी. तिच्यासोबत सुमारे पाच हजार अनुभवी सल्लागार आले. कंपनी मोठी झाली खरी, पण त्या पाच हजारांत जालना-परभणीच्या नव्या पदवीधराची जागा नव्हती. मार्च २०२५ मध्ये ब्रिटनच्या फिनिक्स ग्रुपकडून दहा वर्षांचे ५० कोटी पौंडांचे काम मिळाले. असे काम वर्षानुवर्षे थोडी थोडी माणसे मागते. एकदम हजारोंची भरती त्यातून होत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत जास्त फसवते. भरती आणि वाढ यांत फरक असतो. टाकीत पाणी किती सोडले हे सांगितले, तळाच्या नळातून किती गेले ते सांगितले नाही, तर पातळी कशी कळणार? मार्च २०२१ मध्ये विप्रोत सुमारे १ लाख ९७ हजार लोक होते, मार्च २०२२ मध्ये २ लाख ४३ हजार. एका वर्षात जवळपास ४६ हजारांची वाढ. कोरोनानंतर साऱ्या जगाला घरबसल्या व्यवहार हवे होते आणि कामांचा पूर आला होता. पण त्याच काळात नोकरी सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण २३ टक्क्यांच्या वर गेले होते, म्हणजे चारातला जवळपास एक जण वर्षभरात बाहेर पडत होता. त्या जागा भरण्यासाठीच मोठी भरती लागली. पुढे पूर ओसरला. मार्च २०२४ मध्ये कर्मचारीसंख्या सुमारे २ लाख ३४ हजारांवर आली. मधल्या काळात नवी मुले घेणे बंद नव्हते, पण पातळी खाली गेली. म्हणून बातमी वाचताना ‘किती घेणार’ इतकेच पाहू नये. दर तिमाहीचे निकाल जुलै, ऑक्टोबर, जानेवारी आणि एप्रिलच्या मध्याला येतात. त्यात एकूण कर्मचारीसंख्या वाढली की घटली हे छापलेले असते. कॉलेजातल्या मुलांना हे वाचायची सवय लावावी. गुंतवणूकदार ते शेअरसाठी वाचतात, आपण नोकरीसाठी वाचू.

फेब्रुवारी २०२३ मध्ये जे झाले ते बऱ्याच घरांनी सोसले आहे. विप्रोने ज्या मुलांना वर्षाला साडेसहा लाखांचा पगार देऊ केला होता, ज्यांनी त्यासाठीचे प्रशिक्षणही पुरे केले होते आणि जी महिनोन्‌महिने बोलावण्याची वाट पाहत होती, त्यांना विचारले गेले : साडेतीन लाखांत लगेच रुजू व्हाल का? बहुतेकांनी ते स्वीकारले, असे कंपनीने नंतर सांगितले. हातात काहीच नसताना मूल दुसरे काय करणार? त्याच्या महिनाभर आधी अंतर्गत परीक्षेत कमी पडलेल्या चारशेहून अधिक नव्या मुलांना कंपनीने घरी पाठवले होते. हे एकट्या विप्रोचे दुखणे नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसच्या म्हैसूर केंद्रातून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थी असेच बाहेर पडले. त्याच वर्षी जुलैत टीसीएसने आपले सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास लोक कमी करण्याचे जाहीर केले. तो फटका मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीला होता.

तेव्हा घराने हिशेब कशावर धरायचा? ऑफर लेटर हाती आले की आपल्याकडे मिठाई वाटली जाते. ती जरूर वाटावी. पण त्या कागदाच्या जोरावर नवे कर्ज काढणे, घराची बोलणी करणे, रिश्ता पक्का करताना मुलाचा पगार साडेसहा लाख सांगणे, हे पहिला पगार खात्यात जमा होईपर्यंत थांबवावे. मधल्या काळात मुलाने दुसरी, छोटी नोकरी मिळत असेल तर करावी. पुण्या-नाशकातल्या लहान सॉफ्टवेअर कंपन्यांत सहा-आठ महिन्यांत हाताला जे वळण लागते, ते घरी बसून येत नाही.

पगाराचेही खरे बोलू. या मोठ्या कंपन्यांत साध्या फ्रेशरचा वार्षिक पगार तीन ते साडेतीन लाखांच्या आसपास गेली दहा वर्षे अडकून पडला आहे. मधल्या काळात फी आणि खोलीभाडे कुठल्या कुठे गेले. हातात महिना पंचवीस हजारांच्या आसपास येतात. त्यातून हिंजवडीतली खोली, डबा आणि बस वजा केल्यावर कर्जाच्या हप्त्याला काय उरते, ते प्रवेश घेण्यापूर्वीच कागदावर मांडावे. प्रोग्रॅमिंगच्या अवघड परीक्षेत चमकणाऱ्या मुलांना याच कंपन्या दुप्पट पगार देतात. पण ती जागा मोजक्यांना मिळते.

इंजिनिअरिंगखेरीज एक दार आहे आणि आपल्या घरांत त्याची चर्चा फार कमी होते, म्हणून त्यावर थोडे जास्त लिहितो. बीसीए आणि बीएस्सी झालेल्या मुलांसाठी विप्रोची ‘वर्क इंटिग्रेटेड लर्निंग प्रोग्रॅम’ ही योजना आहे. १९९५ मध्ये पिलानीच्या बिट्स संस्थेबरोबर सुरू झालेल्या योजनेची ही पुढची वाट. मूल नोकरीला लागते, विद्यावेतन घेते आणि त्याच वेळी एका नामांकित संस्थेतून एम.टेक. करते. त्या शिक्षणाचा खर्च कंपनी उचलते. पहिल्या वर्षीचे विद्यावेतन महिना पंधरा हजारांच्या घरात असते, पुढे दरवर्षी वाढते. पदवीला ६० टक्के लागतात. पदवी नियमित कॉलेजातली हवी, आणि पदवीच्या अभ्यासक्रमात गणित हा विषय शिकलेला हवा. या शेवटच्या अटीवर पुष्कळ मुले अडखळतात. बदल्यात कंपनीत पाच वर्षे राहण्याचा करार करावा लागतो आणि मध्येच सोडल्यास ठरलेली रक्कम परत करावी लागते. अटी दरवर्षी थोड्याफार बदलतात, तेव्हा त्या वर्षीची जाहिरात शब्दन्‌शब्द वाचावी.

पाच वर्षे बांधून घेणे काहींना जाचक वाटेल, आणि हुशार मुलाला तीन वर्षांनी बाहेर दुप्पट पगार दिसू लागला की तो तडफडेलही. तरीही माझे मत या योजनेच्या बाजूने आहे. बीएस्सीची फी इंजिनिअरिंगच्या फीपुढे किरकोळ असते. मालेगाव, भिवंडी, औरंगाबाद, सोलापूरच्या कॉलेजांत बीएस्सी करणारी आपली मुले, आणि विशेषतः मुली, पदवीनंतर एम.एस्सी. की बी.एड. या प्रश्नाशी येऊन थांबतात. कर्ज न काढता एम.टेक. पर्यंत नेणारी वाट त्यांना निदान दिसायला तरी हवी.

परीक्षेबद्दल. तर्क, गणित, इंग्रजी, थोडे प्रोग्रॅमिंग आणि इंग्रजीतला एक छोटा निबंध, असे तिचे साधारण स्वरूप असते. नंतर मुलाखत. मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेले मूल प्रोग्रॅमिंगमध्ये सहसा कमी पडत नाही. ते अडते निबंधात आणि मुलाखतीच्या पहिल्या पाच मिनिटांत. त्याला महागडा क्लास लागत नाही. रोज एका बातमीवर इंग्रजीत पंधरा ओळी लिहायच्या, मोठ्याने वाचायच्या, मोबाइलवर आवाज ध्वनिमुद्रित करून ऐकायचा. सहा महिन्यांत फरक जाणवतो. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे नवशिक्यांना दिली जाणारी किरकोळ कामे, चाचण्या घेणे, छोट्या चुका काढणे, आता यंत्र बऱ्याच अंशी करू लागले आहे. त्यामुळे ग्राहकाचे म्हणणे समजून घेऊन ते स्वच्छ शब्दांत मांडणाऱ्याची किंमत वाढते आहे.

निवड झाल्यावर आपल्या मुलांना एक अडचण इतरांपेक्षा जास्त येते. नावाच्या स्पेलिंगची. रुजू होण्याआधी कंपनी कागदपत्रांची कसून तपासणी करते. दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘शेख’ एका प्रकारे, आधारवर दुसऱ्या प्रकारे. कुठे ‘मोहम्मद’ पूर्ण, कुठे नुसते ‘मोहद’, कुठे ‘एमडी’. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी. वडिलांच्या नावातला ‘अब्दुल’ एका ठिकाणी जोडलेला, दुसऱ्या ठिकाणी तोडलेला. संगणक यांना वेगवेगळी माणसे समजतो. मग प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नोंद, बँकेत अर्ज, आणि हे सारे हातात पंधरा दिवस असताना. दहावीचे प्रमाणपत्र पाया धरून आधार, पॅन, बँक पासबुक आणि पासपोर्ट यांवर तेच स्पेलिंग आताच करून घ्यावे. मूल अकरावीत असतानाच हे काम हाती घेतले तर बरे, तेव्हा वेळ असतो. धाकट्या भावंडांचेही त्याच फेरीत उरकून टाकावे.

फसवणूकही याच वळणावर होते. ‘विप्रोत आतून ओळख आहे, पन्नास हजार भरा’ असे सांगणारे सगळीकडे फिरतात. या कंपन्या भरतीसाठी अर्जदाराकडून एक रुपयाही घेत नाहीत. ना नोंदणीचा, ना प्रशिक्षणाचा, ना लॅपटॉपच्या अनामतीचा. पत्र कंपनीच्या स्वतःच्या ईमेल पत्त्यावरून आले का, हे अक्षरन्‌अक्षर तपासावे. मूळ गुणपत्रिका दाखवाव्या, कुणाच्या ताब्यात ठेवू नयेत. आणि नोकरी सोडल्यास पैसे भरण्याच्या कराराला गावाकडे ‘बाँड’ म्हणतात, तो सही करण्यापूर्वी पालकांनी मुलाकडून मराठीत समजावून घ्यावा.

मुलींच्या बाबतीत घरचा प्रश्न पगारापेक्षा राहण्याचा असतो. विप्रोचे पुण्यातले मोठे कार्यालय हिंजवडीला आहे. नातेवाईक असतात कोंढव्यात किंवा कॅम्पात. कोंढव्याहून हिंजवडी म्हणजे शहराचे एक टोक ते दुसरे टोक, आणि गर्दीच्या वेळी ये-जा करण्यात दिवसाचे तीन-चार तास जातात. नोव्हेंबर २०२३ पासून विप्रोने आठवड्यातून तीन दिवस कार्यालयात येणे सक्तीचे केले आहे. तेव्हा ‘घरून काम’ या भरवशावर होकार देऊ नये. आपल्या आडनावाला भाड्याने खोली मिळताना काय काय ऐकावे लागते, हे ज्यांनी खोली शोधली आहे त्यांना सांगायला नको. दोन-तीन मुली एकत्र येऊन वाकड-हिंजवडीच्या बाजूला राहिल्या तर खर्चही वाटला जातो आणि सोबतही होते. हिजाब घेऊन लॅपटॉपची बॅग खांद्याला लावलेली मुलगी हिंजवडीत किंवा खराडीत आज कुणाला नवलाची वाटत नाही.

काही वाचक विचारतात की या कंपन्यांचे मोठे ग्राहक बँका आणि विमा कंपन्या आहेत, मग ही कमाई कशी समजायची? विप्रोच्या उत्पन्नाचा सुमारे एक तृतीयांश भाग या क्षेत्रातून येतो, हे खरे आहे. याचे उत्तर जाणत्या आलिमांकडून घ्यावे, ते माझे क्षेत्र नाही. व्यवहारापुरते एवढे सांगतो की नव्या मुलाला प्रकल्प निवडता येत नाही. प्रकल्प मिळेपर्यंत त्याला ‘बेंच’वर, म्हणजे राखीव फळीत बसावे लागते आणि आलेले काम नाकारत राहिले तर तिथे फार दिवस बसू देत नाहीत. ज्याच्या मनात हा प्रश्न आहे त्याने तो रुजू होण्यापूर्वी सोडवावा. रुग्णालये, कारखाने, वीज, किरकोळ विक्री यांची कामेही याच कंपन्यांत असतात आणि दोन-तीन वर्षांच्या अनुभवानंतर निवडीला थोडा वाव मिळतो.

अमेरिकेची वाट तूर्त अरुंद झाली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या सरकारने नव्या एच-१बी व्हिसाच्या अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. दोन वर्षांत परदेशी जायला मिळेल, या कल्पनेवर आज कुणी बेत आखू नये. उलट त्या परदेशी कंपन्याच इथे स्वतःची केंद्रे उघडत आहेत. देशात अशी १,७०० हून अधिक केंद्रे आहेत आणि पुण्यातही त्यांची चांगली संख्या आहे. ती बहुधा अनुभवी माणसे घेतात. कन्सल्टन्सीतली पहिली तीन वर्षे तिथे जाण्यासाठी उपयोगी पडतात. पगारही बरा असतो.

ज्यांची मुले यंदा बारावीला आहेत त्यांच्यासाठी एक शेवटची गोष्ट. बीएस्सीला प्रवेश घेताना विषयांचे गट निवडावे लागतात आणि मैत्रिणीने घेतला म्हणून किंवा सोपा पडेल म्हणून गणित नसलेला गट घेतला जातो. बीसीए घेणाऱ्यांनीही अभ्यासक्रमात कोणते गणित आहे ते विचारून घ्यावे, कारण व्यापारी गणित सगळीकडे चालत नाही. कॉलेजच्या कार्यालयात अभ्यासक्रमाची प्रत मिळते. अर्ज भरण्याच्या दिवशी ती मागून घ्या.